दिसली म्हणा

"कागद चांगला जाड आहे," पत्रिका हातात घेऊन बाई म्हणाल्या.

"आई, माझ्या लग्नाची पत्रिका आहे ती. कागद काय बघतेस? मुहूर्त बघ."

बाईंनी पत्रिका न वाचताच टेबलावर ठेवली. "तूच सांग की. तोंड दिलंय ना तुला?"

"गोरज मुहूर्त," चित्रा म्हणाली. "सूर्य मावळताना अक्षता. सप्तपदी होईपर्यंत चांगला अंधार पडतो. श्रीनिवासच्या घरचे सकाळचा म्हणत होते. मी भांडून घेतला."

"भांडलीस कशाला? सासर आहे ते."

"तुझ्यासाठी भांडले." मग ती माझ्याकडे वळली. "येसूमावशी, तू बस गं. चहा मी ओतते."

मी बसले नाही. वेधशाळेच्या व्हरांड्यात मी उंबऱ्याशी टेकायची, खुर्चीवर नाही. बाई त्यावरून मला नेहमी बोलायच्या, पण सवय जात नव्हती. आमची वाडी टेकडीच्या पायथ्याला. वर घुमट बांधायला सुरुवात झाली तेव्हा मी पाट्या वाहायला गेले होते. घुमट झाला, गवंडी गेले आणि मी स्वयंपाकाला राहिले. बाई तेव्हापासून तिथं. डॉक्टर मालती देवस्थळी असं दारावर लिहिलेलं होतं, पण ते मला वाचता यायला बरीच वर्षं गेली.

चित्रा पहिलीत असताना तिचे वडील वारले. पुण्याच्या एका कॉलेजात बाईंना शिकवायची नोकरी मिळत होती. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्याच वर्षी घुमटात दुर्बीण बसली. बाईंनी मुलीला नणंदेकडे ठेवलं आणि त्या वर आल्या. मे महिन्यात आणि दिवाळीत चित्रा टेकडीवर यायची. माझ्या पोरांबरोबर करवंदं खायची, गुडघे फोडून घ्यायची. जाताना एसटीत चढली की मागच्या काचेतून बघत राहायची. बाई हात हलवायच्या, पण गाडी वळणाआड गेल्यावरसुद्धा हलवत राहायच्या. कधी कधी मी त्यांचा हात धरून खाली घ्यायची.

"कन्यादान आत्या आणि काका करतील," चित्रा सांगत होती. "त्यांनी वाढवलं, त्यांचा मान आहे. पण अरुंधती तू दाखवायचीस. गुरुजींनी नाही. तू."

बाईंनी पत्रिकेची कड बोटानं चाचपली.

"मी विधवा आहे, चित्रा," मग म्हणाल्या. "तुझ्या सासूबाईंना चालायचं नाही."

"चालवून घेतील. मी त्यांना सांगितलं, माझ्या आईनं जन्मभर ताऱ्यांशिवाय दुसरं काही केलं नाही. निदान एक तारा तरी मला तिच्या हातून मिळू दे."

हे ती हसत म्हणाली, पण हसू फार वेळ टिकलं नाही. कपातला चहा तिनं उगाचच ढवळला.

"आत्यानं मला सगळं दिलं, आई. तुझ्याकडून मला एवढंच हवंय."

बाईंनी मान डोलावली. "पण उन्हात आभाळाकडे बोट करून 'दिसली म्हणा, दिसली म्हणा' करतात, तसलं माझ्याकडून होणार नाही."

"माहीत आहे. म्हणून तर गोरज धरला."

"मग दाखवीन."

चित्राचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. मी कपबशा उचलल्या.

ही 'दिसली म्हणा'ची गोष्ट माझ्यामुळं टेकडीवर रुळली होती. माझं लग्न भर दुपारी लागलं होतं. भटजींनी बोट वर केलं आणि म्हणाले, "ती बघ अरुंधती. दिसली म्हण." मी वर पाहिलं. एक घार घिरट्या घालत होती. मी म्हणाले, दिसली. पुढं कित्येक वर्षं माझी समजूत अशी की अरुंधती म्हणजे घार. टेकडीवर आल्यावर एकदा बाईंनी विचारलं, तुला कुठले तारे माहीत आहेत, तेव्हा मी हे सांगितलं. दुसरं कुणी असतं तर पोट धरून हसलं असतं. बाई हसल्या नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी मला अंगणात नेलं आणि उत्तरेला सप्तर्षी दाखवले.

"आमच्यात ह्याला म्हातारीची बाज म्हणत्यात," मी म्हणाले. "हे खाटंचे चार खूर. आन् ही मागची तिघं, ते चोर. बाज पळवाय आल्यात."

"बरं. त्यातला मधला चोर बघ. तो वसिष्ठ. त्याला अगदी चिकटून काही आहे?"

"न्हाई."

"सरळ नको बघू. मंद तारा सरळ बघितला तर लपतो. त्याच्या जरा शेजारी बघ. मग तो डोळ्याच्या कडेला उगवतो."

मी शेजारी पाहिलं. आणि खरंच, मधल्या चोराच्या कुशीत एक बारीक ठिणगी आली.

"दिसली!"

"नक्की? का मला बरं वाटावं म्हणून?"

"न्हाई बाई, दिसली."

"येसू, एक लक्षात ठेव. दिसलं नाही ते दिसलं म्हणायचं नाही. इथलं सगळं काम तेवढ्यावर चालतं."

त्यांचं काम असं होतं. काही ताऱ्यांचा उजेड कमी-जास्त होतो. आज तो ठळक, महिन्यानं विझल्यासारखा, परत ठळक. बाई अशा ताऱ्याकडे बघायच्या, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघायच्या आणि आज उजेड किती ते सांगायच्या. डोळा दुर्बिणीला लावलेला असताना लिहायला दुसरं माणूस लागतं. म्हणून घुमटाच्या आतल्या भिंतीवर खडूनं त्यांनी मला आधी आकडे शिकवले. मग म्हणाल्या, आकडे आले तर अक्षरं कशाला सोडायची? तेव्हा माझ्या थोरल्या मुलीचं लग्न झालेलं होतं. वाडीतल्या बाया म्हणायच्या, येसू म्हातारपणी शाळंत चालली, आता पाटी-दप्तर घ्या हिला. मी घेतलंसुद्धा.

तर त्या दिवशी चित्रा निघाली. व्हरांड्याच्या पायरीवर तिनं आईला नमस्कार केला आणि उठून म्हणाली, "लहानपणी मला काय वाटायचं माहीत आहे? तुझं लक्ष माझ्या मागच्या भिंतीकडे आहे. मी शाळेतलं काही सांगत असायचे आणि तू माझ्या कानाच्या पलीकडे बघत असायचीस. मी मागे वळून बघायचे, तिथं काय आहे म्हणून."

"काय होतं?"

"काही नाही. कॅलेंडर."

दोघी हसल्या. चित्रा गेली. तिच्या गाडीचा आवाज उतारावरून ऐकू येईनासा झाला तरी बाई तिथंच उभ्या.

मी दुसरा चहा आणला. बाईंनी किटली उचलली आणि ओतला. चहा कपात पडला नाही. कपाच्या शेजारी, टेबलावर, पत्रिकेवर पडला. त्यांना कळलं ते चटका बसल्यावर.

मी फडकं घेऊन धावले. "बाई!"

"असू दे."

"काय असू दे? कवापास्नं?"

त्यांनी पत्रिका उचलली आणि पदरानं टिपली. दोन महिने त्या घुमटात गेल्या नव्हत्या. पाठ दुखते म्हणायच्या. पुण्याहून आलेली तरुण मंडळी कॅमेरा लावून काम करत होती आणि मीही ते खरं धरून चालले होते.

"मधलं गेलं, येसू," त्या म्हणाल्या. "कडा राहिल्यात. डॉक्टर म्हणतात, यावर औषध नाही. तुझ्याकडे सरळ बघितलं तर मला तुझे दोन्ही कान दिसतात, पदर दिसतो. तोंड नसतं."

"आन् शेजारी बघितलं तर?"

"तर थोडं दिसतं. तेवढ्यावरच तर इतके दिवस निभावलं. बाजूला बघायची सवय होतीच, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही. आता तेही कमी होत चाललंय." त्या म्हणाल्या, "मघाशी चित्रा म्हणाली ना, मी तिच्या कानापलीकडे बघते. तेव्हा ती सवय होती. आता नाइलाज आहे. आज मी तिला नीट बघायचा किती प्रयत्न केला."

"सांगा मंग तिला."

"नाही."

"बाई, अरुंधती—"

"दाखवायला डोळे लागत नाहीत. चार तारे मला अजून अंधुक लागतात. तिथून पुढं हात आपोआप जातो. मी बघितली असं मी म्हणणारच नाही. मी फक्त दाखवणार. बघायचं तिनं."

"मी शेजारी उभी ऱ्हाते. जरा चुकलं तर कोपराला हात लावीन."

"हात लावायचा नाही," बाई एकदम कडक आवाजात म्हणाल्या. "मुलीनं आयुष्यात एक गोष्ट मागितली आहे. ती मी देणार. मी आणि तू मिळून नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या वाडीत म्हणत्यात, ज्याला अरुंधती दिसंना झाली तो सहा महिन्यांत वर जातो."

बाई हसल्या. "मग मी परवाच्या दिवाळीत गेले. तू इतके दिवस कुणाला जेवायला वाढतेस?"

सहा महिन्यांत त्या गेल्या नाहीत. पुढं बरीच वर्षं होत्या, पुण्याला, चित्राच्याच घरी. टेकडीवर मात्र त्या पावसाळ्यानंतर कधी आल्या नाहीत.

लग्न वाईला होतं, नदीकाठच्या एका देवळाच्या आवारात. आम्ही जीपनं गेलो. बाईंनी फिकट जांभळं पातळ नेसलं होतं आणि वाटभर मांडीवर बोट फिरवत होत्या. चार टेकवायच्या, मग तीन, आणि मधल्यावर थांबायच्या.

आवारात माणसं बरीच होती. चित्राची आत्या धावपळीत. मुलाची आई, लेलेवहिनी, पुढं आल्या, बाईंना नमस्कार केला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडे हे गुरुजीच करतात हो. पण हल्लीच्या मुली. म्हटलं, असू दे. तुम्ही मोठ्या शास्त्रज्ञ."

"मोठी कसली," बाई म्हणाल्या. "उंचावर राहते एवढंच."

लेलेवहिनी हसल्या आणि निघून गेल्या. बाईंनी नमस्कार केला होता तो त्यांच्या शेजारच्या खांबाकडे तोंड करून. वहिनींच्या लक्षात आलं की नाही कुणास ठाऊक.

अक्षता पडल्या तेव्हा मी वर बघत होते. आभाळ स्वच्छ होतं. पण उकाडा भलताच होता, पान हलत नव्हतं. सप्तपदी सुरू झाली तेव्हा वारा सुटला. पूर्वेकडून वळवाचे ढग डोकं वर काढत होते. मी मनात म्हणाले, थांब बाबा जरा. एवढी सात पावलं होऊ देत.

"आता मंडळींनी जरा अंगणात यायचं," वझे गुरुजींनी पुकारलं. "वधूच्या मातोश्री अरुंधती दाखवणार आहेत. आमची आज सुट्टी!"

माणसं हसली. दिवे मालवायला सांगितले. देवळाच्या मागच्या मोकळ्या अंगणात सगळे उत्तरेला तोंड करून उभे राहिले. पुढं चित्रा आणि श्रीनिवास, उपरणं-पदराची गाठ बांधलेली. त्यांच्या शेजारी बाई. त्यांच्यामागं हातभर अंतरावर मी.

मी वर पाहिलं. बाजेचे चारी खूर लखलखत होते. आणि मागची चोरांची शेपटी नव्हती. पहिल्या चोरापासून पुढं सगळा ढग. काळा नव्हे, कापूस पिंजून पसरावा तसा करडा. पण त्यातून काही दिसायचं नव्हतं.

बाईंनी हात वर केला.

"आधी हे चार," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज घुमटात असायचा तसा झाला होता, हळू आणि ठाम. "सापडले? आता उजवीकडे या. हा पहिला. आणि हा दुसरा. हा वसिष्ठ."

बोट अगदी बरोबर होतं. ढग नसता तर त्या बोटाच्या टोकावर वसिष्ठ टेकलेला असता. माझा हात आपोआप पुढं गेला. मग त्यांचं बोलणं आठवलं आणि मी तो मागं घेतला.

"त्याला चिकटून एक बारीक तारा. सरळ बघू नका. जरा शेजारी बघा." बाईंच्या कपाळावर घाम आला होता. "दिसली?"

मागं एक बांगडी वाजली. कुणीतरी कुणाला तरी कोपरखळी दिली. गुरुजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. श्रीनिवास साधा मुलगा, तो म्हणाला, "तिथं तर ढ—"

चित्रानं गाठीचं उपरणं असं ओढलं की तो अर्ध्या पावलानं हलला.

"दिसली," ती म्हणाली. "दिसली, आई. अगदी स्पष्ट."

"नक्की?"

ह्या एका शब्दावर मी लिहायला शिकले होते. घुमटात मी आकडा लिहिला की बाई विचारायच्या, नक्की? चित्रासुद्धा त्याच शब्दावर लहानाची मोठी झाली होती. चिंच खाल्ली नाही? नक्की? गुडघा दुखत नाही? नक्की? आणि ती पोर नेहमी शेवटी खरं सांगून टाकायची.

"नक्की, आई," चित्रा म्हणाली. "वसिष्ठाच्या कुशीत. लुकलुकतीय."

बाईंनी हात खाली घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या का वाजवल्या ते त्यांचं त्यांनाच माहीत. दिवे लागले. लेलेवहिनी पुढं आल्या. मला वाटलं, आता ही बाई काहीतरी बोलणार. पण त्यांनी बाईंचा दंड धरला आणि म्हणाल्या, "चला विहीणबाई, पाय दुखले असतील. खुर्ची आणवते." त्यांचे डोळे भरले होते.

पाठवणीच्या वेळी चित्रा आत्याच्या गळ्यात पडून खूप रडली. काकांच्या पाया पडली. मग आईकडे आली. ती आईच्या समोर उभी राहिली नाही. आधी समोर आली, थांबली, आणि मग एक पाऊल डावीकडे सरकली. आईच्या खांद्याच्या जरा पलीकडे, जिथं कुणी उभं राहत नाही तिथं. दिव्याचा उजेड तोंडावर येईल अशी मान वळवून.

पोरीला माहीत होतं. कधीपासून, ते मला कधीच कळलं नाही. पत्रिकेच्या दिवशी 'कागद चांगला जाड आहे' म्हटलं तेव्हापासून असेल, नाहीतर त्याच्याही आधीपासून.

"आई," ती हळूच म्हणाली, "मी इथं आहे. आता दिसते?"

बाईंनी मान जराशी वळवली. उजवीकडे, मग डावीकडे. मंद ताऱ्यासाठी वळवायच्या तशी, सावकाश, श्वास धरून. बराच वेळ बघितलं. मागं वाजंत्रीवाले थांबून राहिले होते.

"दिसली," त्या म्हणाल्या.

चित्रानं डोळे पुसले आणि हसली. आईच्या गालाला तिनं हात लावला. गाडीत बसली. ह्यावेळी गाडी वळणाआड गेल्यावर बाईंनी हात आपणच खाली घेतला.

परतीच्या वाटेवर जीप घाट चढू लागली. ड्रायव्हर पेंगू नये म्हणून मी त्याच्याशी इकडचं तिकडचं बोलत होते. मध्येच बाईंनी माझा हात चाचपून धरला.

"येसू, शालू कुठल्या रंगाचा होता?"

मी ड्रायव्हरशी बोलणं सोडून त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, "डाळिंबी. हिरवे काठ."

"नथ घातली होती?"

"व्हय. तुमचीच. मोत्याची."

"शोभत होती?"

"लई."

"रडून नाक लाल झालं असेल. लहानपणी तसंच व्हायचं."

"झालं होतं, बाई."

त्या समाधानानं मान हलवत राहिल्या. मला पुढचा प्रश्न माहीत होता. आभाळ कसं होतं, असं त्या विचारणार आणि मला खरं सांगावं लागणार. मी पाठ करत होते: ढग होता बाई, शेपटीवर, पहिल्या चोरापासून पुढं. जीप वळणं घेत होती. वळीव पडलाच नाही, वाऱ्यानं ढग पांगवले होते. वर म्हातारीची बाज पसरली होती, तिन्ही चोर तिच्यामागं. मधल्याच्या कुशीत मी जरा बाजूनं पाहिलं. ती होती.

बाईंचं तोंडही तिकडंच होतं.

"बस," त्या म्हणाल्या आणि माझा हात सोडला. "आणखी काही विचारत नाही."